भावाची गोळी पेशीत जाऊन नेमकं काय करते? फॉस्फोरिलेशन आणि सीएमएल

रानजाई | रविवार, रात्री ९:४८

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसतीच वाचते आहे, लिहायची ही पहिलीच वेळ.

माझा धाकटा भाऊ सांगलीला असतो, वय ३४. गेले तीन-चार महिने त्याचं एकच चाललं होतं, "अर्ध्या भाकरीतच पोट भरतं." आई म्हणायची, बाहेरचं खाऊन येतोस म्हणून. मे महिन्यात कंपनीच्या वार्षिक तपासणीसाठी रक्त दिलं आणि संध्याकाळी लॅबमधून फोन आला, "पुन्हा सॅम्पल द्यायला या, मशीनचा काहीतरी घोळ दिसतोय." घोळ मशीनचा नव्हता. पांढऱ्या पेशी १,८६,०००. असायला हव्यात चार ते अकरा हजार. प्लीहा वाढून पार बेंबीपर्यंत आली होती, तीच जठराला दाबत होती.

पुढचं भराभर सांगते. बोन मॅरो झाली, फिलाडेल्फिया पॉझिटिव्ह आलं. सीएमएल, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, रक्ताचा एक कॅन्सर. बीसीआर-एबीएल ७१ टक्के. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, रोज एक इमॅटिनिब ४००, जेवणानंतर. बाहेर पन्नास पेशंट ताटकळत बसलेले, त्यात मी काय विचारणार? कागदावर लिहिलंय "टायरोसिन कायनेज इनहिबिटर".

आमच्या घरात कॅन्सर म्हणजे आत्याची केमो. ते सगळं आम्ही भावंडांनी जवळून पाहिलंय. त्यामुळे भाऊ रोज गोळी हातात घेऊन विचारतो, "ताई, एवढ्यानं होतं का गं?" आणि मला उत्तर देता येत नाही. मी बी.कॉम. वाचायला बसले की दर दुसऱ्या ओळीत फॉस्फोरिलेशन. हे काय असतं, पेशीच्या जगण्यामरण्याशी त्याचा काय संबंध, कोणी मराठीत समजावून सांगेल का? जी गोळी बहुधा अनेक वर्षं घ्यायची आहे, ती का घ्यायची हे त्याला कळलंच पाहिजे असं मला वाटतं.

गवतीचहा | रविवार, रात्री १०:०५

रानजाई, भावाला लवकर आराम पडो. पेट्रीडिश ताईंचं याच विषयात काम आहे, त्यांना निरोप टाकलाय.

पेट्रीडिश | सोमवार, सकाळी ७:२०

रानजाई, मी डॉक्टर नाही. बारा वर्षं प्रयोगशाळेत कायनेजांवर काम करतेय. तेव्हा उपचाराचं डॉक्टरांना विचारा आणि गोळी आत जाऊन काय करते ते मला विचारा. उत्तर लांबेल.

पेशीतली जवळपास सगळी कामं प्रथिनं करतात. प्रथिन तयार झालं तरी कामाला कधी लागायचं आणि कधी थांबायचं हे त्याला कोणीतरी सांगावं लागतं. सांगायची एक फार जुनी आणि फार वापरातली रीत म्हणजे त्याच्या अंगावर फॉस्फेट चिकटवणं. एटीपी नावाच्या रेणूला तीन फॉस्फेटांची शेपटी असते. तिच्या टोकाचं एक फॉस्फेट उचलायचं आणि प्रथिनावरच्या ठरलेल्या जागी बसवायचं. हेच फॉस्फोरिलेशन. बसवणारं एन्झाइम म्हणजे कायनेज, काढून टाकणारं म्हणजे फॉस्फेटेज. माणसाच्या जनुकांत कायनेजांची मोजदाद २००२मध्ये झाली, ती ५१८ भरली. ज्या जागांवर फॉस्फेट बसतं त्या प्रामुख्याने तीन अमिनो आम्लांच्या: सेरीन, थ्रिओनीन आणि टायरोसिन. गोळीच्या नावातलं टायरोसिन ते हेच.

फॉस्फेट आकाराने एवढंसं. तुमच्या भावाच्या आजारातलं प्रथिन वजनाने २,१०,००० एकक, तर त्याच्यावर बसणारं एक फॉस्फेट जेमतेम ८०. पण त्याच्यावर ऋण विद्युतभार असतो. तो एका जागी आला की शेजारचा धन भाग त्याच्याकडे खेचला जातो, प्रथिनाची घडी बदलते, झाकलेला भाग उघडा पडतो किंवा उघडा भाग झाकला जातो. कधी त्या फॉस्फेटलाच धरायला दुसरं प्रथिन येतं. सगळी करामत तेवढ्यात आहे.

लहानपणी आमच्या गल्लीत नगरपालिकेचा चावीवाला यायचा. रस्त्यातल्या खड्ड्यावरचं झाकण काढून लांब लोखंडी चावी फिरवायचा, तासभर नळाला पाणी, मग पुन्हा येऊन बंद. तुमच्याकडेही असणार. सोडणारा हात कायनेजचा, बंद करणारा फॉस्फेटेजचा. निरोगी पेशीत कित्येक फॉस्फेटं काही मिनिटांत, कधी काही सेकंदांत बसतात आणि उतरतात. बाहेरून 'वाढ' असा निरोप आला तेवढ्यापुरती चावी फिरते.

आता सीएमएल. आपल्या ९ नंबरच्या गुणसूत्रावर एबीएल नावाच्या टायरोसिन कायनेजचं जनुक आहे. हे कायनेज एरवी शिस्तीचं असतं, कारण त्याचंच एक टोक वळून त्याच्याच अंगात खोचलेलं असतं आणि त्याला मिटवून ठेवतं. मज्जेतल्या एका मूळ पेशीत कधीतरी ९ आणि २२ नंबरची गुणसूत्रं तुटतात आणि तुकड्यांची अदलाबदल करून जुळतात. एबीएल जाऊन बीसीआर नावाच्या जनुकाला चिकटतं, म्हणून त्यातून बनणाऱ्या जोडप्रथिनाचं नाव बीसीआर-एबीएल. या जोडकामात ते खोचलेलं टोक गळून जातं. वर बीसीआरचा स्वभाव असा की ती प्रथिनं एकमेकांना धरून राहतात. म्हणजे मिटवणारी कडी गेली आणि कायनेजं शेजारी शेजारी आली. ती एकमेकांवरच फॉस्फेट चढवतात आणि कायमची चालू राहतात. बाहेरून निरोप नाही, तरी चावी रात्रंदिवस उघडी.

पेशींच्या जगण्यामरण्याचं दुपारी लिहिते, तो भाग घाईत उरकण्यासारखा नाही.

मोगरा०७ | सोमवार, सकाळी ९:१५

छान समजावलंत. एक शंका. फॉस्फेटनं एवढं होत असेल तर रानजाईंच्या भावानं फॉस्फरस असलेलं खाणं कमी करावं का? आमच्या ओळखीत एकांनी दूध, डाळी, अंडी सगळं बंद केलंय.

पेट्रीडिश | सोमवार, सकाळी ९:४०

मोगरा, नाही. असं मुळीच करू नका, आणि त्या ओळखीच्यांनाही कृपा करून सांगा. फॉस्फेट आपल्या हाडांत आहे, डीएनएत आहे, एटीपीत आहे. शरीर रक्तातलं त्याचं प्रमाण सांभाळत असतं. मूत्रपिंडाच्या रुग्णांना डॉक्टर फॉस्फरस कमी करायला सांगतात, त्याचं कारण वेगळं. इथे फॉस्फेट जास्त झालेलं नाही. ते बसवणारा हात थांबत नाही, हे दुखणं आहे. डाळ सोडून माणूस अशक्त होईल, बीसीआर-एबीएलला त्याचा पत्ताही लागणार नाही.

पेट्रीडिश | सोमवार, दुपारी २:५०

आता राहिलेलं.

आपली समजूत असते की कॅन्सर म्हणजे पेशी भराभर वाढणं. ते अर्धंच आहे. शरीरात रोज अब्जावधी पेशी मरतात आणि मरायलाच हव्यात. पांढऱ्या पेशींतल्या बऱ्याचशांचं आयुष्य तर तासांत किंवा फार तर दिवसांत मोजायचं. पेशी म्हातारी झाली, बिघडली किंवा तिला 'जग' सांगणारा निरोप येईनासा झाला, की ती स्वतःला पद्धतशीर आवरते. आतलं सामान तुकडे तुकडे करते, पुड्या बांधते, शेजारच्या पेशी त्या खाऊन टाकतात. सूज नाही, गाजावाजा नाही. सीएमएलमध्ये पेशी वाढतातही आणि मरायच्या त्या मरतही नाहीत. १,८६,०००चा आकडा दोन्ही मिळून झालाय.

हे मरण लांबवण्यात फॉस्फेटचा हात कसा, ते एका प्रथिनावरून सांगते. त्याचं नाव बॅड. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाच्या भिंतीवर बीसीएल-एक्सएल नावाचं एक राखणदार प्रथिन असतं. भिंतीला भोकं पडू न देणं हे त्याचं काम. भोकं पडली की आतलं सायटोक्रोम सी बाहेर सांडतं आणि तिथून पेशी परत फिरत नाही. बॅड जाऊन त्या राखणदाराला मिठी मारतं, राखणदार अडकतो, भिंत फुटायची वाट मोकळी होते.

आता बाहेरून 'जग' असा निरोप आला की एकेटी नावाचं कायनेज जागं होतं आणि बॅडच्या १३६ क्रमांकाच्या सेरीनवर फॉस्फेट चिकटवतं. ते दिसताच १४-३-३ नावाची प्रथिनं येऊन बॅडला धरून ठेवतात, भिंतीपर्यंत जाऊच देत नाहीत. पेशी जगते. निरोप थांबला, फॉस्फेटेजनं ते काढून घेतलं, की बॅड सुटतं. पेशीनं जगायचं की मरायचं, यातला एक मोठा निर्णय या एवढ्याशा जागेवरच्या फॉस्फेटनं होतो. मी हे पहिल्यांदा शिकले तेव्हा कितीतरी दिवस डोक्यातून जात नव्हतं.

बीसीआर-एबीएल एकेटीला सतत जागं ठेवतं. शिवाय स्टॅट५ नावाच्या प्रथिनावर फॉस्फेट चढवून त्याला केंद्रकात पाठवतं आणि तिथे त्याच राखणदाराचं, बीसीएल-एक्सएलचं, उत्पादन वाढवून घेतं. म्हणजे मारेकऱ्याला बांधून ठेवायचं आणि राखणदारही वाढवायचे. पेशीला मरायला वाटच उरत नाही.

इमॅटिनिब करते ते एवढंच. एबीएलमध्ये एटीपीनं बसायची एक खोबण असते. गोळीतला रेणू त्या खोबणीत जाऊन बसतो, तोही एबीएल मिटलेल्या अवस्थेत असतानाच, आणि त्याला तसंच धरून ठेवतो. एटीपीला जागा नाही, म्हणून फॉस्फेट नाही. पुढची सगळी साखळी ढिली पडते. बॅड सुटतं. ज्या पेशी केवळ या एका चुकीच्या निरोपावर जगत होत्या त्या मरतात. रानजाई, भावाला सांगा, "हो रे, एवढ्यानं होतं, कारण तुझ्या पेशींचं सगळं याच एका गोष्टीवर अडलेलं होतं."

शंकासूर | सोमवार, संध्याकाळी ६:३०

मग फॉस्फेट लागलं की पेशी जगते आणि काढलं की मरते, असं धरायचं का?

दुसरं, निरोगी पेशींतही एबीएल आहे म्हणता. त्यांचंही ते बंद पडणार ना? मग त्या कशा वाचतात?

पेट्रीडिश | सोमवार, रात्री ८:१०

पहिल्याचं उत्तर ठाम नाही. कुठल्या प्रथिनावर, कुठल्या जागी, यावर सगळं आहे. पी५३ हे प्रथिन घ्या. डीएनए तुटला की एटीएम नावाचं कायनेज पी५३च्या १५ क्रमांकाच्या सेरीनवर फॉस्फेट लावतं. एरवी पी५३ला धरून त्याची विल्हेवाट लावणारं एमडीएम२ मग त्याला नीट धरू शकत नाही. पी५३ साठतं, पेशीचं विभाजन थांबवतं, दुरुस्ती होत नसेल तर तिला मरायला लावतं. म्हणजे इथे फॉस्फेट लागलं आणि पेशी मरणाकडे गेली.

आणि कॅन्सर नेहमी कायनेज बिघडल्यानेच होतो असंही नाही, चावी बंद करणारा गेला तरी होतो. पीटीईएन हे १९९७मध्ये सापडलेलं प्रथिन पेशीच्या पटलातल्या, एकेटीला जागं करणाऱ्या एका मेदरेणूवरचं फॉस्फेट काढतं. गर्भाशयाच्या, प्रोस्टेटच्या, मेंदूच्या कितीतरी गाठींत ते नाहीसं झालेलं असतं. सोडणारा हात ठीक आहे, बंद करायलाच कोणी येत नाही.

दुसरा प्रश्न महत्त्वाचा. हो, निरोगी पेशींतलं एबीएलही गोळी अडवते. पण त्या पेशी एकट्या एबीएलवर जगत नाहीत, त्यांना जगवणारे इतर निरोप असतात. गोळी आणखी दोन कायनेजं अडवते, केआयटी आणि पीडीजीएफआर. म्हणून काहींचा रंग थोडा उजळतो, कारण त्वचेला रंग देणाऱ्या पेशींना केआयटी लागतं. डोळ्यांखाली सूज येते. आणि हीच गोळी पोटातल्या जीआयएसटी नावाच्या गाठीवरही चालते, कारण त्यातल्या बहुतेक गाठींत केआयटीच बिघडलेलं असतं.

जुनाभिडू | सोमवार, रात्री १०:३०

रानजाई, मी सीएमएलचा पेशंट. २००४पासून इमॅटिनिबवर आहे. मुंबईत असतो, आता वय ५८. भावाला माझ्याबद्दल जरूर सांग.

पेट्रीडिश ताईंनी आतलं सांगितलं, मी बाहेरचं सांगतो. गोळी रात्रीच्या भरपेट जेवणानंतर लगेच, मोठा ग्लासभर पाण्याबरोबर. रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं, आणि घेतल्या घेतल्या आडवा झालो तर हमखास. पहिली काही वर्षं रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे, नंतर कमी झाले. सकाळी डोळे सुजलेले असतात, लोक विचारतात झोप झाली नाही का. सवय होते.

दुसऱ्या कुठल्याही औषधाआधी आपल्या डॉक्टरांना फोन. माझ्या चुलतभावाला टीबी झाला तेव्हा कळलं की टीबीवरचं रिफाम्पिसिन आणि ही गोळी एकत्र आली तर गोळीची रक्तातली पातळी फार घसरते. ग्रेपफ्रूटनं उलट होतं, पातळी वाढू शकते. आपलं पपनस त्याच कुळातलं, म्हणून मी तेही सोडलं. आयुर्वेदिक काढे, चूर्णं, कुठलंही विचारल्याशिवाय घ्यायचं नाही.

आणि गोळी चुकवायची नाही. माझी चूक सांगतो. २००९ साली माझा रिपोर्ट इतका चांगला आला की मला वाटलं बरा झालो. कोणाला न सांगता चार महिने गोळी बंद केली. पाचव्या महिन्यात आकडे चढले. बायको रिपोर्ट हातात घेऊन स्वयंपाकघरात उभी होती, एक शब्द बोलली नाही. पुन्हा सुरू केली, नशिबानं पुन्हा लागू पडली. त्यानंतर एक दिवस चुकलेला नाही. जेवणाच्या ताटाशेजारी डबी असते, ती उघडल्याशिवाय घरात कोणी मला ताटावरून उठू देत नाही.

रानजाई | सोमवार, रात्री ११:०२

काका, तुमची पोस्ट भावाला मोठ्यानं वाचून दाखवली. आई पण ऐकत होती. वीस वर्षांपूर्वी सुरू केलेला माणूस आज आपल्याशी बोलतोय, हे ऐकून ती पहिल्यांदा नीट झोपेल असं वाटतंय.

पेट्रीडिश | मंगळवार, सकाळी ७:०५

काकांच्या अनुभवाला जोड देते. लंडनमध्ये झालेला, २०१०मध्ये छापून आलेला एक अभ्यास आहे. काही वर्षं इमॅटिनिब घेणाऱ्या ८७ रुग्णांच्या बाटल्यांच्या झाकणात चिप बसवली होती, झाकण कधी उघडलं याची ती तीन महिने नोंद ठेवायची. ज्यांनी ९० टक्क्यांहून जास्त गोळ्या घेतल्या, त्यांच्यात सहा वर्षांत बीसीआर-एबीएल ०.१ टक्क्यापर्यंत उतरण्याची शक्यता ९४.५ टक्के. ज्यांनी ९० किंवा कमी घेतल्या, त्यांच्यात २८.४. महिन्याला तीन गोळ्या चुकल्या की आपण ९०वर येतो. मला माहीत असलेल्या सगळ्या आकड्यांत हा मला सगळ्यांत जास्त सांगावासा वाटतो.

कातरवेळ | मंगळवार, दुपारी १२:१५

हे सगळं शोधलं कसं पण? पेशीत एवढंसं फॉस्फेट कुठे बसलंय हे दिसतं तरी कसं?

पेट्रीडिश | मंगळवार, रात्री ९:३०

कातरवेळ, हा माझा आवडता भाग. फॉस्फेट लावून एन्झाइम चालूबंद होतं हे एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्ज यांनी १९५०च्या दशकात सिअ‍ॅटलमध्ये दाखवलं, स्नायूंतल्या ग्लायकोजेनवर काम करताना. त्यांना १९९२चं नोबेल मिळालं. पण तेव्हा कॅन्सर कोणाच्या डोक्यात नव्हता.

कॅन्सरकडून वेगळी वाट येत होती. १९११मध्ये पेटन राऊस यांनी दाखवलं की कोंबडीची एक गाठ गाळून घेतलेल्या रसानंही दुसऱ्या कोंबडीला होते, म्हणजे तिच्यामागे विषाणू आहे. त्या विषाणूतलं एसआरसी हे प्रथिन कायनेज आहे हे कळायला १९७८ उजाडलं. ते फॉस्फेट लावतं, पण कशावर? सगळ्यांना वाटत होतं सेरीन नाहीतर थ्रिओनीन, कारण तेवढ्याच जागा माहीत होत्या.

१९७९मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये टोनी हंटर दुसऱ्या एका विषाणूच्या प्रथिनावर हाच प्रयोग करत होते. पद्धत अशी की किरणोत्सारी फॉस्फरस वापरायचा, प्रथिन आम्लात उकळून त्याची अमिनो आम्लं सुटी करायची, पातळ थराच्या पट्टीवर ठेवायची आणि विजेच्या दाबाखाली पळवायची. कोण किती पळालं त्यावरून ओळखायचं. द्रावणाचा पीएच १.९ हवा. हंटर यांनी ताजं बनवलं नाही, जुनंच वापरलं, आणि त्याचा पीएच घसरून १.७ झाला होता. १.९ला टायरोसिनवरचं आणि थ्रिओनीनवरचं फॉस्फेट एकाच जागी येतं, वेगळं दिसत नाही. १.७ला दोन ठिपके सुटे झाले. जो नवा ठिपका दिसला त्याची जागा कुठल्याच ओळखीच्याशी जुळेना, म्हणून त्यांनी टायरोसिनवर फॉस्फेट लावलेला नमुना मुद्दाम बनवला आणि शेजारी पळवला. जुळला. मग बार्ट सेफ्टन यांच्याबरोबर त्यांनी दाखवलं की एसआरसीही टायरोसिनवरच लावतं.

ते आधी का सापडलं नाही, तर निरोगी पेशीत एकूण फॉस्फेटांपैकी टायरोसिनवरचं भरतं ०.०३ टक्के. दहा हजारांत तीन. राऊसच्या विषाणूनं बिघडलेल्या पेशीत ते दहापट होतं. मी आजही तो प्रयोग विद्यार्थ्यांना शिकवते तेव्हा पीएचच्या कागदापाशी थांबते.

गुणसूत्रांची वाटही तितकीच जुनी. १९६०मध्ये फिलाडेल्फियात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना सीएमएलच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसलं, म्हणून रिपोर्टवरचं 'फिलाडेल्फिया' हे नाव. १९७३मध्ये शिकागोत जॅनेट राउली यांनी घरी जेवणाच्या टेबलावर गुणसूत्रांचे फोटो कापून मांडले तेव्हा लक्षात आलं की २२चा हरवलेला तुकडा ९वर बसलाय. १९९०मध्ये उंदरांच्या मज्जेत हे एकच जोडजनुक घातल्यावर त्यांना सीएमएलसारखा आजार झाला. मग निकोलस लायडन आणि त्यांचे सहकारी स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या एका औषध कंपनीत रेणू बनवू लागले, ब्रायन ड्रकर यांनी तो सीएमएलच्या पेशींवर वापरून पाहिला. रुग्णांवर पहिली चाचणी जून १९९८मध्ये सुरू झाली. इंटरफेरॉन हे आधीचं औषध लागू न पडलेले ५४ रुग्ण, रोज ३०० मिलिग्रॅम किंवा जास्त, आणि ५३ जणांच्या रक्तपेशी पूर्वपदावर आल्या. मे २००१मध्ये अमेरिकेत मान्यता.

न्यायाधार | बुधवार, सकाळी ११:४०

रानजाई, तुमच्या भावाला ही गोळी परवडते आहे त्यामागेही लढा आहे, आणि तो निम्मा मुंबईतून लढला गेला. २००५मध्ये आपल्या पेटंट कायद्यात कलम ३(ड) आलं. ओळखीच्या औषधाचं नवं रूप केलं तर ते जास्त परिणामकारक आहे हे दाखवल्याशिवाय पेटंट नाही. मूळ कंपनीनं इमॅटिनिबच्या क्षाराच्या एका विशिष्ट स्फटिकरूपावर पेटंट मागितलं होतं. विरोध करणाऱ्यांत भारतीय कंपन्या होत्या आणि मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनही होती. २००६मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयानं अर्ज फेटाळला, आणि १ एप्रिल २०१३ला सर्वोच्च न्यायालयात न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांच्या खंडपीठानं तेच कायम केलं. तेव्हा मूळ औषध महिन्याला सव्वा लाखाच्या आसपास आणि इथलं आठ-दहा हजारांत, असा फरक होता. आज किंमत त्याहूनही खाली आहे.

जुनाभिडू | बुधवार, दुपारी १:१०

त्या दिवशी आम्ही वॉर्डातले चार-पाच जण टीव्हीसमोर बसलो होतो. मला मूळ औषध मोफत योजनेतून मिळायचं, त्याबद्दल मी कायम ऋणी आहे. पण शेजारच्या माणसाला योजना मिळाली नव्हती, तो इथलंच घेत होता. तो रडला.

शंकासूर | बुधवार, रात्री ९:००

गोळी लागू पडेनाशी होते असंही वाचलं. आणि आयुष्यभर घ्यायची की थांबवता येते?

पेट्रीडिश | बुधवार, रात्री १०:४५

होते, काहींना. २००१मध्येच दिसलं की काही रुग्णांत त्या खोबणीच्या तोंडाशी असलेलं ३१५ क्रमांकाचं थ्रिओनीन बदलून आयसोल्युसिन येतं. ते जास्त जागा अडवतं आणि गोळीला धरणारा एक हायड्रोजन बंधही जातो. एटीपी मात्र आरामात बसतं. त्यासाठी पुढच्या गोळ्या निघाल्या. डॅसाटिनिब, निलोटिनिब इतर बऱ्याच बदलांवर चालतात, ३१५वर नाहीत. त्यावर पोनॅटिनिब चालतं. असिमिनिब ही गोळी तर एटीपीच्या खोबणीत जातच नाही. सुरुवातीला सांगितलेलं, एबीएलला मिटवून ठेवणारं टोक जिथे खोचलेलं असतं, त्या जागी ती बसते आणि हरवलेली कडी जणू परत लावते.

थांबवण्याबद्दल: मज्जेतल्या काही मूळ पेशी निवांत पडून असतात आणि बीसीआर-एबीएल बंद असतानाही जगतात. गोळी त्यांना मारत नाही. म्हणून काकांचे आकडे परत चढले. पण फ्रान्समध्ये निदान दोन वर्षं आजाराचा मागमूस न दिसलेल्या १०० रुग्णांची गोळी देखरेखीखाली थांबवली, तेव्हा सुमारे ४० टक्क्यांचा आजार परतला नाही. ज्यांचा परतला त्यांना गोळी पुन्हा सुरू केली. म्हणजे थांबवणं शक्य आहे, पण वर्षानुवर्षं रिपोर्टमध्ये आजाराचा मागमूस न दिसल्यानंतर, डॉक्टरांनी सांगितल्यावर आणि सुरुवातीला दर महिन्याच्या तपासणीसह. स्वतःहून नाही.

रानजाई | तीन महिन्यांनंतर, शनिवार, रात्री ८:२०

धागा वर काढतेय. आज तीन महिन्यांचा रिपोर्ट आला. पांढऱ्या पेशी ६,४००. प्लीहा हाताला लागत नाही. बीसीआर-एबीएल ७१वरून ५.८ टक्क्यांवर. डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांत दहाच्या खाली हवं होतं, आलं. एकही गोळी चुकलेली नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरवर आई रोज फुली मारते. भाऊ आता आईला बॅड आणि राखणदार समजावून सांगतो, आणि ती मला फोनवर विचारते, "आज सुटलं का गं ते बॅड?"

एक विचारायचं राहिलं. सहा महिन्यांची तपासणी पुण्यात स्वस्तात होते असं कळलं. तिथे केली तर चालेल का?

जुनाभिडू | शनिवार, रात्री ८:४१

फार आनंद झाला, पोरी. लॅब मात्र बदलू नका. एका लॅबचा आकडा दुसरीच्या आकड्याशी तंतोतंत जुळतोच असं नाही, मग चढलं की उतरलं यावर रात्रभर डोकं खात बसाल. बदलावीच लागली तर रिपोर्टवर आंतरराष्ट्रीय मापानं आकडा देतात का ते आधी विचारा, आणि डॉक्टरांना सांगून बदला. पुढचा आकडा एकच्या खाली हवा. तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा.

रानजाई | शनिवार, रात्री ८:५०

लिहिली, काका. त्याच लॅबमध्ये करतो.